विजेवरचा वैल: स्लो कुकरमधले मीटबॉल आणि ग्रेव्ही, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसमध्ये डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. तीनच्या लेक्चरला उजेडात आत गेलेला माणूस बाहेर येतो तो थेट रात्रीत. घरी जाऊन कांदा चिरायची उमेद बसस्टॉपवरच्या थंडीत गळून पडलेली असते. अशा संध्याकाळी दार उघडल्याबरोबर शिजलेल्या जेवणाचा वास यावा यासाठी इथली माणसं सकाळीच एक काम उरकून जातात: ओट्यावरच्या स्लो कुकरमध्ये काहीतरी भरून, झाकण लावून, बटण दाबून बाहेर पडतात. त्या 'काहीतरी'मध्ये मीटबॉल, म्हणजे खिम्याचे गोळे, आणि ग्रेव्हीचा नंबर फार वरचा. मिनेसोटातल्या पॉटलकला गेलात, म्हणजे प्रत्येकाने आपापला पदार्थ आणायचा त्या जेवणाला, तर टेबलावर मीटबॉलने भरलेला निदान एक स्लो कुकर बहुधा दिसेलच.

हा लेख नुकतंच इकडे आलेल्या आणि गराज सेलमधून किंवा आधीच्या भाडेकरूकडून स्लो कुकर पदरात पडलेल्या मंडळींसाठी आहे. फोडणी घालता येते, भात लावता येतो, पण या भांड्याशी ओळख नाही, एवढी तयारी मी धरून चालतो.

माझ्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच घसरतात. मटणाच्या रश्शाला घालतो तसं मी गोळे बुडून वर चार बोटं येईल इतकं पाणी घातलं. मग काळजीपोटी दर अर्ध्या तासाला झाकण काढून डावाने ढवळलं. पाच तासांनी गोळे नव्हतेच. करड्या पाण्यात खिमा तरंगत होता. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, गोळे कुठेत यातले?" हे यंत्र कसं चालतं ते मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वैलच की. वैलावर ठेवलेल्याला कोणी सारखं ढवळतं का?"

ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी: चुलीच्या मुख्य जाळाशेजारी जे दुसरं तोंड असतं, जिथे जाळ येत नाही, नुसती धग पोचते, तो वैल. भाकरी झाल्या की आमटीचं भांडं तिकडे सरकायचं आणि जेवायची वेळ होईपर्यंत रटरटत राहायचं. स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप पटतात.

भांडं आणि त्याचा स्वभाव

बाहेर धातूचं कवच, त्यात तापणारी तार, आत जाड चिनी मातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. झालं. शिट्टी नाही, दाब नाही. वीजही फार खात नाही, साधारण दोन-तीनशे वॅट. 'लो' आणि 'हाय' यांचा अर्थ मंद आणि मोठा गॅस असा घेऊ नका. दोन्ही शेवटी पदार्थाला उकळीच्या जेमतेम खालपर्यंतच नेतात. हाय तिथे लवकर पोचवतं, लो सावकाश. 'वॉर्म' हे शिजवण्यासाठी नसून शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे. त्यावर कच्चं मांस कधीही ठेवायचं नाही.

प्रेशर कुकरवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तीन गोष्टी उलट्या शिकाव्या लागतात.

पहिली, पाणी आटत नाही. वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि परत भांड्यात पडतात. सकाळी जेवढा रस घातला जवळजवळ तेवढाच संध्याकाळी मिळणार, शिवाय मांसाचं आणि कांद्याचं पाणी सुटून त्यात भरच पडणार. 'आटेल हळूहळू' म्हणून पाणी जास्त घालण्याची आपली सवय इथे आड येते.

दुसरी, रंग येत नाही. खमंगपणा हा कोरड्या, कडक आचेवर येतो आणि इथे सगळं दमट. कच्चा कांदा टाकलात तर आठ तासांनी शिजलेला कांदा मिळेल, परतलेला नाही. जे काही भाजायचं, परतायचं ते बाहेर.

तिसरी, झाकण. उघडलंत की कोंडलेली धग निघून जाते आणि ती पुन्हा यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी पाच तासांत दहा वेळा उघडलं होतं, हिशेब तुम्हीच करा. आत काय चाललंय ते काचेतून बघा. काच वाफेने धुरकटली असेल तर झाकणावर बोटाने टिचकी मारा, थेंब ओघळतात आणि दिसतं.

या भांड्याच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. अर्व्हिंग नॅक्सन हा अमेरिकन ज्यू संशोधक. त्याची आई लिथुआनियातल्या स्वतःच्या लहानपणीची आठवण सांगायची: शुक्रवारी संध्याकाळी चोलंट नावाच्या घेवड्याच्या रश्शाचं भांडं गावच्या भट्टीत नेऊन ठेवत आणि शनिवारी परत आणत. सब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नसते. भट्टी विझत जायची आणि त्या उतरत्या उष्णतेत रात्रभर घेवडा शिजायचा. त्यावरून नॅक्सनने विजेचं भांडं बनवलं. त्याला १९४० मध्ये पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणलं. ते इतकं चाललं की इथे पुष्कळ लोक आजही कोणत्याही स्लो कुकरला क्रॉकपॉटच म्हणतात, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा.

वापरण्याआधी

जुना कुकर मिळाला असेल तर एक परीक्षा घ्या. भांडं निम्म्याहून थोडं जास्त पाण्याने भरा, लोवर आठ तास ठेवा आणि झाकण उघडल्याबरोबर थर्मामीटरने तापमान बघा. १८५ ते २०० अंश फॅरनहाइट (८५ ते ९३ सेल्सिअस) आलं तर यंत्र धड आहे. त्याहून कमी भरलं तर तो कुकर कुंडी म्हणून वापरा, पण त्यात मांस शिजवू नका.

थर्मामीटर हा चोचला वाटतो, मलाही वाटायचा. आपण मटण दाबून बघतो, शिजलं की कळतं. पण खिम्याचं तसं नाही. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरच्या अंगाला, खिमा करताना तेच सगळीकडे मिसळतात. म्हणून गोळा आतून किती तापला हे महत्त्वाचं. इथल्या शेती खात्याचे आकडे पाठ करून टाका: टर्की किंवा चिकनचा खिमा १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस), लँब, पोर्क किंवा बीफचा १६० अंश (७१ सेल्सिअस). याच कारणासाठी गोठलेलं कच्चं मांस स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही. ४० ते १४० फॅरनहाइटच्या मधला पट्टा जंतूंच्या वाढीचा, आणि गोठलेला गोळा मंद धगीत त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो. खिमा आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवा.

कुकर भिंतीपासून वीतभर दूर, सपाट ओट्यावर ठेवा. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा, एक्स्टेंशनची वायर नको. शेगडीच्या बर्नरवर जागा रिकामी दिसते म्हणून तिथे ठेवू नका, चुकून बर्नर सुरू झाला तर कुकरही जाईल आणि अलार्मने बिल्डिंगही रस्त्यावर येईल. आणि परत जाताना 'आईसाठी नेतो' म्हणून हा सामानात भरू नका. इथली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडची २३०. घरी जोडलात की जळलाच.

बीफचा प्रश्न आधी सोडवा

अमेरिकेत नुसतं मीटबॉल म्हटलं की बहुधा बीफ, किंवा बीफ आणि पोर्क एकत्र. तुम्ही खात असाल तर प्रश्नच मिटला. खात नसाल तर फक्त मीटबॉलच्या पाकिटाकडे बघून भागत नाही. 'ब्राउन ग्रेव्ही'च्या पुडीत आणि ग्रेव्हीच्या डब्यांत बीफची चरबी किंवा स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, असू शकतो. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. मी स्वतः ग्राउंड टर्की वापरतो. 'ग्राउंड' म्हणजे खिमा. पाकिटावर ८५/१५ किंवा ९३/७ असे आकडे असतात, दुसरा आकडा चरबीच्या टक्क्यांचा. ८५/१५ घ्या. ९३/७ चे गोळे तब्येतीला बरे असतील, पण चावायला रबरी होतात. लँबचा खिमा अप्रतिम लागतो, फक्त चरबी जास्त सुटते. हलाल दुकान जवळ असेल तर तिथे बकऱ्याचा खिमा मिळतो आणि त्याची चव घराच्या जास्त जवळ जाते.

आळशी रस्ता

याची लाज बाळगायचं कारण नाही, अर्धी मिनेसोटा हेच करते. फ्रोझन मीटबॉलची एक पिशवी, साधारण २६ ते ३२ औंसाची. तिच्यावर 'फुली कुक्ड' लिहिलेलं असलंच पाहिजे, म्हणजे ते आधीच पूर्ण शिजवून गोठवलेले असतात. तरी रात्रभर फ्रीजमध्ये सुटू दिलेले बरे. क्रीम ऑफ मशरूम सूपचा साडेदहा औंसाचा एक डबा, कोरड्या ओनियन सूपची अर्धी पुडी, दीड कप कमी मिठाचा चिकन स्टॉक. डबा, पुडी आणि स्टॉक कुकरमध्येच फेटा, गोळे टाका, एकदा हलवा. लोवर चार-पाच तास किंवा हायवर दोन-अडीच. शेवटी अर्धा कप सावर क्रीम, म्हणजे विरजलेली दाट साय.

अर्धीच पुडी का? डबा खारट, पुडी खारट, मीटबॉल खारट. पूर्ण पुडी घातलीत तर रात्री तीनदा पाणी प्यायला उठाल. वरून मीठ अजिबात नको.

हा रस्ता परीक्षेच्या आठवड्यासाठी. चव ठीकच, वर मिरपूड आणि कोथिंबीर घातली की जरा अंगात येते. एरवी मात्र खालचा रस्ता धरा. सकाळचा पाऊण-एक तास जास्त जातो आणि पदार्थ पूर्ण वेगळा होतो.

खरा रस्ता: गोळे

पाच-सहा जणांसाठी, सहा क्वार्ट म्हणजे साधारण साडेपाच लिटरच्या कुकरचं हे माप आहे. लहान कुकर असेल तर निम्मं करा. भांडं निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरलेलं असावं. फार रिकामं असलं तर कडेला करपतं, काठोकाठ भरलं तर मध्यभागी कच्चं राहतं. इथला कप २४० मिलीलिटरचा आणि पाउंड ४५४ ग्रॅमचा.

ग्राउंड टर्की २ पाउंड
ब्रेडच्या ३ स्लाइस, कडा काढून
दूध अर्धा कप
अंडं १
मध्यम कांदा १, किसून, घट्ट पिळून
लसूण ४ पाकळ्या, ठेचून
मीठ दीड टीस्पून
मिरपूड १ टीस्पून
ऑलस्पाइस अर्धा टीस्पून
जायफळ पाव टीस्पून
मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर

ऑलस्पाइस म्हणजे मसाल्यांचं मिश्रण नव्हे, ते एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे. नसेल तर दोन लवंगा आणि दालचिनीचा छोटा तुकडा कुटून घाला, वास बराच जवळ जातो.

ब्रेड दुधात दहा मिनिटं भिजवून बोटांनी लगदा करा. हा लगदा म्हणजे या पदार्थाचा जीव. नुसत्या खिम्याचा गोळा शिजताना आवळतो, रस बाहेर टाकतो आणि गोटी होऊन बसतो. दूध प्यायलेला ब्रेड मध्ये आला की तो आवळत नाही. कटलेटमध्ये आपण ब्रेड घालतो तो गोळा बांधण्यासाठी, इथे तो मऊ ठेवण्यासाठी आहे. अंडं, कांदा, लसूण, मसाले, मीठ सगळं आधी त्या लगद्यात मिसळा आणि खिमा सर्वांत शेवटी घाला. कणीक मळतो तसं मळायचं नाही. बोटं फाकवून, हलक्या हाताने, एकजीव होईपर्यंतच. जास्त मळलं की गोळे चिवट होतात आणि मग कितीही तास ठेवा, मऊ होत नाहीत.

हाताला पाणी किंवा तेल लावून लिंबाएवढे गोळे वळा. पस्तीसच्या आसपास होतील. सगळे एकाच मापाचे करा. हे दिसण्यासाठी नाही, लहान-मोठे असले की लहान शिजून विरघळेपर्यंत मोठा आत गुलाबीच राहतो. लाडू वळायची सवय असेल तर हे काम पंधरा मिनिटांचं.

आता भाजणं. ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटवर तापवा. ट्रेला फॉइल लावून तेलाचा हात फिरवा, गोळे जरा सुटे ठेवा आणि बारा ते पंधरा मिनिटं भाजा, वरून तपकिरी डाग पडेपर्यंत. पॅनमध्येही भाजता येतात, पण पस्तीस गोळे चार घाण्यांत भाजताना स्मोक अलार्म वाजतो. वाजला की टॉवेल हलवत त्याच्याखाली उभं राहायचं, हा इथल्या प्रत्येक मराठी स्वयंपाकघराचा अनुभव.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. गोळे अर्धवट भाजून, फ्रीजमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी स्लो कुकरमध्ये टाकायचे नाहीत. अर्धवट शिजलेलं मांस म्हणजे जंतूंना कोमट अंथरूण. आदल्या रात्री तयारी करायची असेल तर खिमा मिसळून कच्चाच झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी भाजा. नाहीतर रात्रीच आतून १६५ येईपर्यंत पूर्ण भाजून ठेवा.

खरा रस्ता: ग्रेव्ही

लोणी ४ टेबलस्पून. इथे लोण्याच्या कांड्या मिळतात, अर्धी कांडी म्हणजे बरोबर चार टेबलस्पून, आणि कागदावर खुणाही छापलेल्या असतात. उभा चिरलेला मोठा कांदा १. मैदा ५ टेबलस्पून, इथे तो 'ऑल-पर्पज फ्लोअर' नावाने मिळतो. कमी मिठाचा चिकन स्टॉक ३ कप. सोया सॉस १ टेबलस्पून. वुस्टर सॉस १ टेबलस्पून. मोहरीची पेस्ट म्हणजे डिजॉं मस्टर्ड १ टीस्पून. आवडत असतील तर आठ औंस मशरूम, पण ते कापून आधी पॅनमध्ये पाणी आटेपर्यंत परतून घ्या, नाहीतर तेच पाणी ग्रेव्हीत उतरतं.

गोळे ओव्हनमध्ये असतानाच पॅनमध्ये लोणी घालून कांदा चांगला बदामी करा. घाई करू नका, ग्रेव्हीचा रंग इथूनच येतो. मग आच कमी करून मैदा घाला आणि दोन-तीन मिनिटं परता. बेसन भाजताना कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो ती घटका तुम्हाला माहीत आहे. मैद्याचा वास तितका ओरडून सांगत नाही, भाजलेल्या बिस्किटासारखा हलका येतो, तेवढ्यावर थांबा. आता स्टॉक थोडा थोडा घाला आणि पिठल्याला करतो तसं एका हाताने घोटत राहा. पहिला अर्धा कप पडला की सगळं घट्ट गोळा होऊन घाबरवतं. घाबरू नका, घोटत पुढचा अर्धा कप घाला, सैल होतं. सगळा स्टॉक गेला की सॉस आणि मस्टर्ड घालून एक उकळी आणा. ग्रेव्ही डावाच्या पाठीला लागून राहील इतपत दाट हवी. कुकरमध्ये ती थोडी सैल होणार आहे हे धरूनच चाला.

गरम ग्रेव्ही कुकरमध्ये ओता आणि भाजलेले गोळे सरळ ओव्हनमधून त्यात सोडा. ट्रेवर सुटलेली चरबी ओतू नका, तिथल्या तपकिरी खरपुड्या मात्र चमचाभर गरम स्टॉकने खरवडून घ्या, ते सोनं आहे. गोळे पूर्ण बुडले नाहीत तरी चालतात, अंगासरशी रस पुरतो.

झाकण लावा. लोवर चार ते पाच तास, हायवर दोन ते अडीच. मला लोच आवडतं, हायवर कडेची ग्रेव्ही चिकटते.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगायला हवी. तुम्ही सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला येणार असाल तर हा पदार्थ दुपारी एकलाच होऊन बसतो. लोवर नऊ तास ठेवलात तर गोळे भुसभुशीत होतात. टायमरवाला कुकर असेल तर लो पाच तास आणि नंतर आपोआप वॉर्म असं लावा. वॉर्मवर तीन-चार तास निभतात. साधा बटणवाला कुकर असेल तर हा शनिवार-रविवारचा किंवा घरून काम करायच्या दिवसाचा बेत ठेवा. भरलेला कुकर बंद ठेवून दुपारी आपोआप सुरू होईल अशी शक्कल लढवू नका, कच्चंपक्कं मांस खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहता कामा नये.

शेवटचा अर्धा तास

आता झाकण उघडायला हरकत नाही. मधल्या एका गोळ्यात थर्मामीटर घालून १६५ बघा. ग्रेव्ही चाखा. पातळ वाटली तर दोन टेबलस्पून कॉर्नस्टार्च तीन टेबलस्पून गार पाण्यात कालवून घाला, हलकेच हलवा, झाकण लावून हायवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, रस्सा छान मिळून येतो. शब्दांचा गोंधळ इथे होतो: आपण भारतात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो त्या पांढऱ्या शुभ्र पिठाचं इथलं नाव कॉर्नस्टार्च. इथे 'कॉर्न फ्लोअर' मागितलंत तर मक्याचं पिवळं पीठ हातात येईल आणि ग्रेव्हीची मक्याची पेज होईल. गरम ग्रेव्हीत कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या, हे सांगायची गरज नसावी.

सावर क्रीम अर्धा कप. कुकर बंद करून मगच घाला, आणि त्याआधी वाटीत दोन डाव गरम ग्रेव्ही घेऊन त्यात ते फेटून घ्या. कढीचं दही फुटू नये म्हणून आपण जेवढी काळजी घेतो तेवढीच इथे घ्यायची. सकाळीच घातलंत तर संध्याकाळपर्यंत फुटून दाणेदार होणार. घट्ट दही, ग्रीक योगर्ट, तेही चालतं, त्याला जरा आंबट धार असते.

ढवळताना डाव उभा फिरवू नका. भांड्याच्या कडेने खालून वर असा हलका हात द्या, रसगुल्ले हलवतो तसा.

याच्याबरोबर इथे उकडून लोण्यात घोटलेले बटाटे असतात, नाहीतर एग नूडल्स, अंड्याच्या रुंद चपट्या शेवया. नूडल्स वेगळ्या उकडा. कुकरमध्ये टाकल्यात तर सगळी ग्रेव्ही पिऊन टाकतात. मी बहुतेक वेळा साधा भात लावतो आणि कुणाला गैर वाटलेलं नाही. स्वीडिश पद्धतीने शेजारी लिंगनबेरीचा आंबटगोड जॅम हवा. मिनेसोटात स्वीडिश वंशाची वस्ती जुनी आणि मोठी, त्यामुळे तो सहज मिळतो. एका वर्षी जॅम संपला होता म्हणून मी घरून आलेला साखरांबा वाढला. पाहुण्यांनी जॅम कुठला ते विचारलं आणि बरणी रिकामी झाली.

स्वीडिश म्हटलं म्हणून आठवलं. २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर केलं की आपले मीटबॉल राजा बाराव्या चार्ल्सने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून आणलेल्या पाककृतीवर बेतलेले आहेत. त्यावरून बरीच खळबळ झाली, कितपत खरं यावर वादही झाला. तुर्कांचा 'कोफ्ते' आणि आपला 'कोफ्ता' एकाच फारसी शब्दाची लेकरं, कुटणे या अर्थाच्या. तेव्हा टेबलावरचा पदार्थ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

म्हणून तो थोडा आपल्याकडे ओढला तरी मी हरकत घेणार नाही. ऑलस्पाइस-जायफळाच्या जागी आलं, हिरवी मिरची, धणे-जिरेपूड. मैद्याच्या जागी भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण. वाटण नेहमीपेक्षा थोडं जास्त परता. गरम मसाला मात्र शेवटच्या दहा मिनिटांत घाला, पाच तास धगीवर राहिला तर त्याचा वास उडून नुसता कडवटपणा उरतो. शाकाहारी मंडळींनी दुधीचे कोफ्ते यात शिजवायला जाऊ नये, त्यांची खीर होते. ग्रेव्ही कुकरमध्ये करा आणि तळलेले कोफ्ते वाढताना सोडा.

उरलंसुरलं

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि मातीच्या भांड्यासकट नाही. जाड भांडं तासन्‌तास गरम राहतं आणि आतलं निवतच नाही. उथळ डब्यांत काढा. तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना स्लो कुकर वापरू नका, त्याला फार वेळ लागतो, पातेल्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफ निघेपर्यंत गरम करा. सावर क्रीम घातलेली ग्रेव्ही फ्रीझरमध्ये नीट राहत नाही, सुटते. गोठवायचं असेल तर त्याआधीच निम्मं बाजूला काढा.

गरम भांडं लगेच गार पाण्याखाली धरू नका. मातीच ती, तडकते. निवलं की कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घालून रात्रभर भिजत ठेवा, कडेला चिकटलेली ग्रेव्ही सकाळी आपोआप सुटते.

दुसऱ्या दिवशी पावात दोन गोळे चेपून, वर ग्रेव्ही आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. पाव इथल्या इंडियन दुकानाच्या फ्रीझरमध्ये मिळतो. लोण्यावर शेकून घ्या.